मिमी कुठे मेली?

पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेराचा शेवटचा अंक युट्यूबवर सहज सापडतो. पॅरिसमधली माळ्यावरची खोली. क्षयाने खंगलेली मिमी कसेबसे जिने चढून वर आलेली. तिला खाटेवर झोपवतात. तिचे हात गार पडलेत, म्हणून तिची मैत्रीण कानातले विकायला काढते आणि स्वतः मफ आणायला पळते. मफ म्हणजे दोन्ही बाजूंनी हात आत घालून ऊब घ्यायची फरची गुंडाळी. तत्त्वज्ञ मित्र आपला जुना कोट गहाण टाकायला निघतो आणि जाण्याआधी त्या कोटाला उद्देशून चक्क एक गाणं म्हणतो. मिमी आणि तिचा कवी रोडॉल्फो पहिल्या भेटीच्या आठवणी काढतात. मग तिला झोप लागल्यासारखं वाटतं. ती गेली हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं, रोडॉल्फोला सगळ्यात शेवटी. इटालियनचा एक शब्द न कळता लोक इथे रडतात. मीही रडलोय, तेही ऑफिसच्या बसमध्ये, कानात इअरफोन घालून.

हा ऑपेरा ज्या पुस्तकावरून घेतला, त्यात मिमी या खोलीत मरत नाही.

पुस्तकातली मिमी नाताळच्या सुमारास आजारी होऊन परत येते खरी, पण मित्रांकडे तिला सांभाळायला ना पैसे असतात ना सोय. तिला सार्वजनिक इस्पितळात भरती करतात. तिथे भेटायचे दिवस ठरलेले. इस्पितळात शिकाऊ डॉक्टर असलेला एक ओळखीचा मुलगा रोडॉल्फला कळवतो की मिमी गेली. तिची खाट रिकामी दिसली. रोडॉल्फ शोक करतो आणि अर्थातच भेटायला जाणं थांबवतो. काही दिवसांनी तोच मुलगा सांगतो की चूक झाली, तिला फक्त दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं, ती जिवंत आहे आणि तुझी वाट बघतेय. रोडॉल्फ धावत सुटतो. तो पोचतो तेव्हा कळतं की त्याच दिवशी पहाटे ती खरोखरच गेली. इस्पितळाच्या आवारात एक गाडी उभी असते. ज्यांच्या अंत्यविधीचे पैसे भरायला कुणी नाही अशांना सामायिक खड्ड्याकडे नेणारी गाडी. मिमी त्यात आहे.

म्हणजे मूळ गोष्टीत ती एकटी मरते, परक्या खाटेवर, कोणी का येत नाही याचा विचार करत. आणि हे घडतं ते एका कारकुनी गोंधळामुळे. यात गाण्याजोगं काहीच नाही. कादंबरी ते ऑपेरा या प्रवासात या मरणाची जागा कशी आणि का बदलली, हे मला गेले काही महिने छळतंय. कारण तरुण प्रेम, कलेची आस आणि रिकामं पोट या तीन गोष्टींवर पुढे जे काही लिहिलं गेलं, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा साचा याच पुस्तकाने घालून दिला.

पुस्तकाचं नाव ‘सेन द ला व्ही द बोएम’, म्हणजे बोहेमियन आयुष्यातली दृश्यं. लेखक आन्री म्यूर्जेर. जन्म १८२२, पॅरिस. वडील शिंपी आणि एका इमारतीचे रखवालदार. शिक्षण जेमतेम. पोराने वकिलाच्या कचेरीत निरोप पोचवायचं काम करावं आणि पुढे कारकून व्हावं एवढीच बापाची इच्छा होती. पोराला कवी व्हायचं होतं. दोघांचं फाटलं. पुढे तो पॅरिसमध्ये राहणाऱ्या टॉलस्टॉय नावाच्या एका रशियन सरदाराकडे तुटपुंज्या पगारावर सेक्रेटरी झाला (आपल्या माहितीतला लेखक टॉलस्टॉय नव्हे). आणखी एक गंमत: लेखक म्हणून वजनदार दिसावं म्हणून त्याने नावाचं स्पेलिंग बदललं. ‘आन्री’च्या शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’ लावला आणि ‘म्यूर्जेर’मधल्या ‘यू’वर जर्मन पद्धतीचे दोन टिंब चढवले. इन्स्टाग्रामवरचं नाव तीनदा बदलणाऱ्यांनी हसू नये.

‘बोएम’ हा शब्द त्याने शोधला नाही. फ्रेंच लोक जिप्सींना ‘बोएमियाँ’ म्हणत, कारण ते बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेकियातून आले असा समज होता. १८३० आणि ४०च्या दशकांत पॅरिसमधल्या ठावठिकाणा नसलेल्या, कर्जात बुडालेल्या, कविता-चित्रं करणाऱ्या पोरांना तो शब्द चिकटला. अशी पोरं इतकी का झाली होती, याचं एक कारण वर्तमानपत्रांत आहे. १८३६ साली एमिल द जिरार्दां याने ‘ला प्रेस’ हे पत्र काढलं आणि वर्षाची वर्गणी ठेवली ४० फ्रँक. इतर पत्रांची ८० होती. उरलेला खर्च जाहिरातींतून काढायचा. जाहिरातींसाठी वाचक हवेत, वाचकांसाठी ‘पुढे काय झालं’ असं वाटायला लावणारा मजकूर हवा. त्यातून क्रमशः कादंबरीची लाट आली. १८४२-४३ मध्ये युजीन स्यूची ‘पॅरिसची रहस्यं’ वाचायला सगळं शहर ताटकळत असे. लिहून जगता येतं हे पहिल्यांदाच हजारो तरुणांना दिसलं. सगळ्यांना ते जमणार नाही, हे मात्र दिसलं नाही. मॉडेल ओळखीचं वाटतं ना?

म्यूर्जेर मोठ्या पत्रांत पोचला नव्हता. तो ‘ल कोर्सेर-सातां’ नावाच्या छोट्या, खवचट पत्रात लिहायचा. तिथेच बोद्लेअर, बाँव्हिल, शांफ्लरी ही त्याच्याच वयाची पोरंही लिहीत होती. १८४५ ते १८४९ या काळात त्याने तिथे स्वतःच्या आणि मित्रांच्या आयुष्यावरचे किस्से तुकड्यातुकड्याने छापले. एका किश्श्याचे साधारण १५ फ्रँक मिळत.

१५ फ्रँक म्हणजे किती? पॅरिसच्या व्यापारी मंडळाने १८४७-४८ मध्ये शहरातल्या उद्योगांची मोठी पाहणी केली होती. तिच्यानुसार पुरुष कामगाराची सरासरी रोजची मजुरी ३ फ्रँक ८० सांतीम होती आणि बाईची १ फ्रँक ६३. म्हणजे एक किस्सा म्हणजे पुरुषाच्या चार दिवसांची मजुरी, बाईच्या नऊ दिवसांची. हे दोन आकडे डोक्यात ठेवा. या पुस्तकातलं बरंचसं प्रेम त्यांच्यामधल्या फरकावर उभं आहे.

पुस्तकातली चार मुख्य पोरं अशी: कवी रोडॉल्फ, म्हणजे म्यूर्जेर स्वतःच. चित्रकार मार्सेल. संगीतही करणारा आणि चित्रंही काढणारा शोनार. आणि खिशांत पुस्तकं कोंबून हिंडणारा तत्त्वज्ञ कोलिन. पहिल्याच प्रकरणाची सुरुवात भाड्यापासून होते. शोनारने तीन हप्ते थकवलेत, दुपारपर्यंत ७५ फ्रँक उभे करायचे नाहीतर खोली सोडायची. तो दिवसभर गावभर उधार मागत हिंडतो, रात्री दारू पिऊन विसरतो आणि सवयीने जुन्याच खोलीवर परततो. तिथे नवा भाडेकरू मार्सेल आलेला असतो. मार्सेलचं फर्निचर म्हणजे नाटकाचे रंगवलेले पडदे. एकाकडे खोली आहे पण सामान खोटं, दुसऱ्याचं सामान खरं पण घरमालकाने अडकवलेलं. दोघं एकत्र राहायचं ठरवतात. रूममेट शोधण्याची इतकी व्यवहारी गोष्ट मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पुस्तक विनोदी आहे, हे सांगायला हवं. ऑपेरा ऐकून ते कळत नाही. मार्सेलचं ‘तांबड्या समुद्राचं उल्लंघन’ हे भलंमोठं चित्र वार्षिक सरकारी प्रदर्शनाची, म्हणजे सालोंची ज्युरी दरवर्षी परत पाठवते. तो दरवर्षी त्यात थोडे बदल करतो आणि नवं नाव देतो: कधी रुबिकॉन नदीचं उल्लंघन, कधी बेरेझिनाचं. ज्युरी दरवर्षी ओळखते. शेवटी ते विकलं जातं. त्यात एक आगबोट घालून त्याची एका दुकानाची पाटी होते. दुसरीकडे रोडॉल्फचा काका शेगड्या आणि धुराडी बसवण्याच्या धंद्यात. तो पुतण्याला कोंडून त्याच्याकडून शेगडीवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहून घेतो. पळून जाऊ नये म्हणून त्याचे कपडे काढून घेतो आणि त्याच्यासाठी फक्त एक तुर्की पोशाख मागे ठेवतो. माझ्या पगाराचा बराच भाग मी ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात त्यातून कमावतो, त्यामुळे हे प्रकरण मला फार जवळचं आहे.

म्यूर्जेरने स्वतः असली कामं केली. त्याने फॅशनच्या मासिकाचं काम केलं, ‘ल कास्तोर’ नावाच्या टोपीवाल्यांच्या धंद्याच्या पत्राचं संपादन केलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्याच्या तरुणपणी त्याचा एक गट होता. १८४१ च्या सुमारास जमलेला. नाव ‘पाणी पिणारे’. दारू परवडत नाही म्हणून पाणी, ही एक बाजू. दुसरी बाजू कडक होती: पोटासाठी बाजारू काम करायचं नाही, कलेशिवाय दुसरं काही करायचं नाही. या गटात पुढे मोठा फोटोग्राफर झालेला नादार होता. जोझेफ आणि लिओपोल्ड देब्रॉस हे दोघे भाऊ होते. जोझेफ शिल्पकार. दाढी आणि चेहऱ्यामुळे मित्र त्याला ख्रिस्त म्हणायचे. त्याने नियम पाळला. १८४४ मध्ये तो इस्पितळात मेला. तेव्हा म्यूर्जेर बावीस वर्षांचा होता आणि तोही आजारपणाने इस्पितळाच्या चकरा मारत होता.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्यूर्जेरने या ‘पाणी पिणाऱ्यां’सारख्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी चमकलो. मला वाटलं होतं तो त्यांना हुतात्मे म्हणेल. तो त्यांच्यावर वैतागलेला आहे. तो म्हणतो ते थोडक्यात असं: हे लोक खोलीत बसून प्रसिद्धी दार ठोठावेल याची वाट बघतात, आणि मरतात. उरलेले खरे बोहेमियन ते, जे रोज सकाळी उठून दिवस ढकलण्याची युक्ती शोधतात. या आयुष्याची तीनच टोकं तो सांगतो: एक तर अकादमी, नाहीतर इस्पितळ, नाहीतर शवागार. ज्या पुस्तकाने जगभरच्या पोरांना फाकेमस्तीची चटक लावली, त्याची प्रस्तावना ही सरळ सरळ ताकीद आहे. ती कोणी वाचत नाही. ॲपच्या अटी-शर्ती आपण वाचतो तशी.

आपल्याकडे ‘बोहेमियन’ हा शब्द साठोत्तरी कवींसाठी सर्रास वापरला जातो. लिटल मॅगझिनवाले, काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये बसणारे अरुण कोलटकर वगैरे. पण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. पाणी पिणाऱ्यांच्या नियमात ते बसले नसते. ते बसले नाहीत हे मराठी कवितेचं भाग्य, असं माझं मत आहे.

आता मिमीकडे.

तिच्यामागे एकच बाई नव्हती, पण मुख्यतः होती ल्युसील लुव्हे. म्यूर्जेर तिच्याबरोबर राहिला, भांडला, ती गेली, परत आली, पुन्हा गेली. १८४८ मध्ये, फेब्रुवारीत राजा पळून जाऊन शहरात क्रांती झाली त्याच वर्षी, ती पितिए इस्पितळात क्षयाने मेली. पुस्तकातल्या मिमीचंही खरं नाव ल्युसीलच आहे. आणि ती मिमी ऑपेरातल्यासारखी लाजरीबुजरी, नक्षीकाम करणारी, फुलांवर प्रेम करणारी मुलगी नाही. ती हुशार आहे, लहरी आहे, जिभेला धार आहे. तिला चांगले कपडे हवे असतात. ती रोडॉल्फला सोडून एका व्हायकाउंटकडे, म्हणजे सरदाराच्या पोराकडे राहायला जाते. म्यूर्जेर तिच्यावर रागावलेला आहे आणि तो राग त्याने लपवलेला नाही. निवेदक तिला कित्येक ठिकाणी क्रूर म्हणतो.

इथे ते दोन आकडे बाहेर काढा. शिवणकाम करणाऱ्या, कृत्रिम फुलं बनवणाऱ्या, टोप्या शिवणाऱ्या मुलींना पॅरिसमध्ये ‘ग्रिझेत’ म्हणत. बारा-बारा तास डोळे फोडून दिवसाला दीड फ्रँक. काम नसलेल्या मोसमात तेही नाही. खोली, जळण, मेणबत्ती, पाव यात ते कसंबसं बसायचं. आजारपण बसायचंच नाही. अशा मुलीला कवीबरोबर राहणं म्हणजे दोन उपाशी माणसांनी एक शेगडी वाटून घेणं. कवीला ती ‘अनुभव’ असते आणि तो पुढे तिच्यावर लिहून १५ फ्रँक मिळवतो. तिला तो परवडतो की नाही, हा तिचा प्रश्न. व्हायकाउंटकडे जाण्याला निवेदक बेवफाई म्हणतो. मला तो हिवाळ्याचा हिशोब वाटतो. म्यूर्जेरलाही तो दिसत होता, असं मला वाटतं, कारण तिच्या कपड्यांचे, शेगडीतल्या लाकडाचे, गहाण टाकलेल्या वस्तूंचे तपशील तोच इतक्या बारकाईने देतो.

त्याच पुस्तकात ‘फ्रान्सीनचा मफ’ नावाचं एक वेगळं, जवळजवळ सुटं प्रकरण आहे. झाक नावाचा शिल्पकार (जोझेफ देब्रॉसची इथे आठवण येते) आणि त्याच्या शेजारच्या खोलीत राहणारी फ्रान्सीन. तिची मेणबत्ती विझते, किल्ली अंधारात पडते, दोघं जमिनीवर चाचपडत शोधतात. ढगाआडून चंद्र बाहेर येतो, फ्रान्सीनला किल्ली दिसते, आणि ती ती पायाने हळूच फर्निचरखाली ढकलून देते. पुढे तिलाही क्षय होतो. तिला हातांसाठी एक मफ हवा असतो. मफ येतो, ती तो हातांत घेऊन आपल्या माणसाजवळ मरते. झाक नंतर इस्पितळात मरतो.

आता ऑपेरा पुन्हा आठवा. विझलेली मेणबत्ती, हरवलेली किल्ली, गार हात, मफ, आपल्या माणसाजवळचं मरण. हे सगळं फ्रान्सीनचं आहे. ऑपेराचे लेखक लुइजी इल्लिका आणि जुझेप्पे जाकोझा यांनी छापील संहितेच्या प्रास्ताविकात उघड सांगितलंय की मिमी आणि फ्रान्सीन या दोघींची मिळून आम्ही एक केली. मिमीचं फक्त नाव राहिलं. तिचा तिखटपणा, तिचा व्हायकाउंट, तिचं इस्पितळ सगळं गेलं. एक बारीकसा बदल तर फारच बोलका आहे: ऑपेरात किल्ली सापडते ती रोडॉल्फोला, आणि तो ती गुपचूप खिशात टाकतो. मुलीने स्वतः हुशारीने केलेली गोष्ट पन्नासेक वर्षांत मुलाच्या नावावर जमा झाली.

पण सगळा दोष इटालियनांवर टाकता येत नाही. मिमीला इस्पितळातून उचलून माळ्यावरच्या खोलीत आणणारा पहिला माणूस म्यूर्जेरच होता. १८४९ मध्ये थिओडोर बारिएर नावाच्या नाटककाराने त्याला गाठलं आणि दोघांनी मिळून या किश्श्यांचं नाटक केलं. २२ नोव्हेंबर १८४९ ला ते व्हारिएते नाट्यगृहात लागलं. नाटकात मिमी मित्रांमध्ये, रोडॉल्फसमोर मरते. ल्युसील जाऊन जेमतेम दोन वर्षंही झाली नव्हती. नाटक तुफान चाललं. म्यूर्जेर गरीब डावा काठ सोडून सीनच्या उजव्या काठावर राहायला गेला. मिशेल लेव्ही या प्रकाशकाने किश्श्यांच्या पुस्तकाचे हक्क ५०० फ्रँकांना घेतले, म्हणजे एका कामगाराच्या १३० दिवसांच्या मजुरीइतक्या रकमेला. १८५१ मध्ये पुस्तक आलं. आणि नाटकात मित्रांच्या गराड्यात मेलेली मिमी या पुस्तकात पुन्हा इस्पितळात मरते, एकटी.

हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण वाटतं. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर त्याने एक शेवट ठेवला आणि कागदावर दुसरा. त्याने असं का केलं याचा अंदाज मी करू शकतो, पण तो अंदाजच. रंगमंचावर इस्पितळाचा वॉर्ड आणि चुकलेला खाटेचा नंबर दाखवणं अवघड, हे एक. दुसरं, नाटक हे दोघांचं होतं, पुस्तक फक्त त्याचं.

पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एक वर्ष उलटलेलं असतं. रोडॉल्फचं पुस्तक आलंय, त्याच्याबद्दल चर्चा होतेय. मार्सेलची चित्रं सालोंमध्ये लागलीत आणि त्यातलं एक म्युझेतच्या जुन्या इंग्रज यारानेच विकत घेतलंय. शोनारची गाणी चालतात. कोलिनला वारसा मिळालाय, चांगलं लग्न झालंय. म्युझेत, मार्सेलची जुनी मैत्रीण, एका पोस्टाच्या ठेकेदाराशी लग्न करतेय. रोडॉल्फ सुचवतो, चल, जुन्या स्वस्त खाणावळीत जेवू. मार्सेल नको म्हणतो. जुने दिवस आठवायला त्याची हरकत नाही, पण समोर चांगली वाइन आणि खाली मऊ खुर्ची हवी. चारही पोरं सुटली. मिमी मेली, फ्रान्सीन मेली, नियम पाळणारा झाक मेला.

खऱ्या आयुष्यात कोण सुटलं, हे बघितलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. शोनारचा मूळ माणूस अलेक्सांद्र शान. त्याच्या बापाचा खेळण्यांचा धंदा होता. तरुणपणाची हौस भागल्यावर तो त्या धंद्यात शिरला आणि म्हातारपणी, १८८०च्या दशकात, ‘शोनारच्या आठवणी’ नावाने त्या दिवसांवर मजेदार पुस्तक लिहिलं. आमच्या भाषेत, त्याच्याकडे बॅकअप होता. शिंप्याच्या पोराकडे नव्हता. म्यूर्जेरला ‘लेजिओं द ऑनर’ हा मोठा सन्मान मिळाला, फोंतेनब्लोच्या जंगलाजवळच्या मार्लोत गावात त्याला थोडी शांतता मिळाली, पण पैशांची ओढाताण सुटली नाही. त्याने नंतर पुष्कळ लिहिलं, ‘पाणी पिणारे’ याच नावाची एक कडवट गोष्टही लिहिली. लोकांना त्याच्याकडून फक्त मिमी आणि म्युझेत हव्या होत्या. २८ जानेवारी १८६१ ला तो पॅरिसच्या नगरपालिकेच्या आरोग्यगृहात मेला. वय ३८. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर एमे मिलेने घडवलेला पुतळा आहे. पुतळा म्यूर्जेरचा नाही. तो ‘तारुण्या’चा आहे, एका मुलीच्या रूपातला.

ऑपेराची गोष्ट इथून वेगाने सांगतो. १८९३ मध्ये मिलानमध्ये पुच्चिनी आणि लिओनकाव्हालो या दोन संगीतकारांचं जाहीर भांडण झालं, कारण दोघंही याच पुस्तकावर काम करत होते. पुस्तकावर कोणाचाच एकट्याचा हक्क उरला नव्हता, त्यामुळे अडवणार कोण? नाटकाचे हक्क मात्र शाबूत होते. पुच्चिनीचा ऑपेरा १ फेब्रुवारी १८९६ ला तुरिनच्या तेआत्रो रेजिओत आला. संचालन करत होता २८ वर्षांचा तोस्कानिनी. लिओनकाव्हालोचा पुढच्या वर्षी व्हेनिसला आला आणि मागे पडला. तोवर १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे म्यूर्जेरच्या वाचकांना क्षय नाजूक प्रकृतीचा रोग वाटत होता; पुच्चिनीच्या प्रेक्षकांतल्या सुशिक्षितांना तो संसर्ग आहे हे माहीत होतं. कोंदट खोलीत मिमीच्या श्वासाजवळ पाच जण बसलेत आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही. डॉक्टर बोलावलाय, पण तो वेळेत येत नाही. ऑपेराला डॉक्टर नकोच होता.

बरोबर शंभर वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जोनाथन लार्सनने हीच गोष्ट पुन्हा लिहिली. तो सुमारे दहा वर्षं मूनडान्स डायनर नावाच्या हॉटेलात वेटर होता आणि फावल्या वेळात संगीतिका लिहीत होता. त्याने पॅरिसऐवजी ईस्ट व्हिलेज घेतलं, क्षयाऐवजी एड्स, आणि नाव ठेवलं ‘रेंट’. भाडं. म्यूर्जेरच्या पहिल्या प्रकरणातली गोष्ट दीडशे वर्षांनी शीर्षकात येऊन बसली. मेणबत्ती इथेही विझते, पण जमिनीवर किल्ली पडत नाही, मिमीची नशेची पुडी पडते, आणि ती खिशात टाकतो रॉजर. शोनारच्या जागी एंजल आहे, आणि या वेळी मरतो तो. मिमी शेवटी मरायला टेकते, सगळे भोवती जमतात, रॉजर गातो, आणि ती डोळे उघडते.

समीक्षकांनी या शेवटाला गोडगोड म्हटलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग तारखा बघितल्या. एड्सवरचं प्रोटीझ इन्हिबिटर गटातलं पहिलं औषध, साक्विनाव्हिर, अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मंजूर झालं आणि आणखी दोन मार्च १९९६ मध्ये. या औषधांच्या मिश्रणाने मरणाच्या दारातली माणसं उठून कामावर गेली. लार्सनने शेवट लिहिला तेव्हा हे त्याच्या हातात नव्हतं. पण मिमीचं जगणं पहिल्यांदाच अशक्य कोटीतलं उरलं नव्हतं.

लार्सनला हे बघायला मिळालं नाही. जानेवारी १९९६ मध्ये त्याच्या छातीत दुखू लागलं. त्या आठवड्यात तो दोन वेगवेगळ्या इस्पितळांच्या इमर्जन्सी विभागांत जाऊन आला. दोन्हीकडून त्याला घरी पाठवलं. २५ जानेवारीला पहाटे, न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये पहिला प्रिव्ह्यू प्रयोग व्हायच्या दिवशी, त्याची महाधमनी फाटली आणि तो स्वयंपाकघरात कोसळला. वय ३५. पुढे पुलित्झर मिळालं, एप्रिलमध्ये नाटक ब्रॉडवेवर गेलं आणि बारा वर्षं चाललं.

त्या रात्रीचा प्रयोग रद्द झाला. त्याच्या घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी नटांनी फक्त गाणी म्हणायची ठरवली, टेबलांमागे बसून, हालचालींशिवाय. पहिल्या अंकाच्या शेवटाकडे हॉटेलातल्या टेबलांवर नाचत गायचं एक गाणं आहे. तिथपर्यंत पोचल्यावर त्यांना बसवेना. ते उठले, टेबलांवर चढले आणि पुढचं सगळं नाटक त्यांनी उभ्यानेच केलं. गाण्याचं नाव ‘ला व्ही बोएम’.